‘धर’ म्हटलं की

आमचा कुत्रा लोकांचे हात पकडायचा. ‘चावतो’ हा शब्द आमच्या घरात दीड-दोन वर्षं कोणी वापरलाच नाही. आई म्हणायची, ‘पकडते जरासा.’ बाबा म्हणायचे, ‘खेळते.’ पाहुण्याच्या मनगटावर दातांची ओळ उमटलेली असायची, रक्त मात्र नसायचं. कुत्रा मनानं चांगला आहे हे आम्ही तिघं मिळून त्या पाहुण्याला पटवून देत असायचो.

मारेगावच्या कडेच्या वस्तीत आमचं दोन खोल्यांचं घर आहे. बाबा गवंडी. हे घर त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलं. लोकांच्या घरांना प्लास्टर करणाऱ्या माणसाच्या घराला बाहेरून अजून प्लास्टर नाही, हे येणारा-जाणारा कोणी ना कोणी आम्हाला दाखवून देतोच. आई कापूस वेचायला जाते. घराण्यात कॉलेजचं तोंड पाहणारी मी पहिली. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं, नंतर एम.एस्सी. केलं आणि आता तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवते. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. माझा पदवीचा फोटो बाबांनी समोरच्या खोलीत असा पक्का ठोकलाय की घर पडलं तरी फोटो पडणार नाही.

कुत्रा बाबांच्या एका कामावरून आला. मजुरांच्या डब्यातलं खाऊन वाढलेलं तपकिरी पिल्लू होतं. काम संपलं तसं बाबांच्या सायकलीमागं पळत घरी आलं. त्याला नाव कोणी ठेवलं नाही. ‘यू यू’ केलं की तो यायचा, तेवढ्यावर भागत होतं.

त्याच्या पकडण्यावर आमच्या घरात तीन प्रकारचे इलाज चालायचे आणि तिन्ही एकाच वेळी चालायचे. बाबा पायातली चप्पल काढायचे. आई ‘हाड हाड’ करत भाकरीचा तुकडा दूर फेकायची, म्हणजे तो पाहुण्याचा हात सोडून तुकड्यामागं जाईल. आणि मी मोबाईलवर व्हिडिओ पाहून त्याला ‘सिट’ आणि ‘नो’ शिकवत होते. बिस्कीट हातात धरून मी ‘सिट’ म्हणायचे, तो बसायचा, आणि माझी मान ताठ व्हायची.

‘त्याले जेवढं इंग्रजी येते तेवढं मले बी येत नाही,’ बाबा म्हणायचे. ‘बी.ए.ले बसव त्याले आता.’

मी त्यांना सांगायचे की चपलेनं जनावर शिकत नाही, फक्त घाबरतं. आईला सांगायचे की पाहुणा आला, हात पकडला की भाकर मिळते, असं तो तुझ्याकडून शिकतोय. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण मी त्या वर्गात बोलते तशा बोलायचे, त्यामुळे घरात कोणी ऐकत नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात, तुरीच्या शेंगा भरल्या तेव्हाची गोष्ट. आमच्या भिंतीला भिंत लावून एक काकू राहतात. त्यांचा मुलगा बाहेरगावी असतो, त्या एकट्या. त्या आणि आई मिळून वेचणीला जातात. मी शाळेत होते तेव्हापासून दोघींनी एका शेतात, शेजारशेजारच्या ओळींत कापूस वेचलाय. त्या दिवशी सुट्टी होती. आईनं सोल्यांची भाजी केली होती, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची. काकू दारात उभ्या राहून कोणाच्या तरी लग्नाचं बोलत होत्या. आई वाटी घेऊन बाहेर आली.

‘धर वं बाई, गरम हाये,’ आई म्हणाली.

काकूंनी हात पुढं केला आणि कुत्र्यानं तो पकडला. या वेळी नुसती ओळ नव्हती. वाटी पडली, काकूंनी हात ओढला, आणि ओढल्यामुळं मनगटाची कातडी फाटली.

बाबांनी चप्पल काढून त्याला बदडलं. आई आत पळाली आणि तिखटाचा डबा घेऊन आली. चावलेल्या जागी तिखट भरायचं, असं तिच्या आईनं केलेलं तिनं पाहिलं होतं. मी तिच्या हातून डबा काढून घेतला, काकूंना मोरीवर नेलं आणि साबण लावून त्यांचा हात नळाखाली धरला. बराच वेळ धरला. काकू म्हणाल्या, ‘पोरी, धुऊन धुऊन हातच संपवतं का आता?’ त्यानंतर मी त्यांना गाडीवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, कुत्र्याला लस दिलेली आहे का. दिलेली नव्हती. मी प्राणिशास्त्र शिकवते. मुलांना रेबीजवर प्रश्न काढते. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. घरचा कुत्रा, घरातच असतो, देऊ पुढच्या महिन्यात, असं करत राहून गेलं.

काकूंना पहिली सुई दिली, पुढच्या सुयांच्या तारखा कागदावर लिहून दिल्या. आणि डॉक्टर मला म्हणाले, ‘कुत्रा बांधून ठेवा. दहा दिवस लक्ष ठेवा. मेला किंवा वेगळा वागायला लागला तर लगेच सांगा. सुया मात्र काही झालं तरी चुकवायच्या नाहीत.’

घरी येऊन मी हे सांगितलं. बाबा अंगणात हातपाय धूत होते.

‘दहा दिवस ना?’ ते म्हणाले. ‘ठीक हाये. अकराव्या दिवशी झरीकडं काम हाये आपलं. मालाच्या ऑटोत टाकतो अन् तिकडं सोडून येतो. जंगलाचं गाव पाहून सोडतो, खाईन तिथं काहीतरी.’

‘तिथं खाईल काय?’

‘मले नको विचारू. त्या बाईचा हात पाह्यला ना तू? ऐन वेचणीत उजवा हात.’

काकूंचा उजवा हात पट्टीत होता. दुसऱ्या दिवशी आई वेचणीला एकटी गेली. संध्याकाळी तिचा कापूस तोलात नेहमीपेक्षा कमी भरला. बोलायला कोणी नसलं की तिचे हात चालत नाहीत, असं तिनंच सांगितलं.

काकू आईशी बोलेनाशा झाल्या. पण सकाळ झाली की भिंतीवरून त्यांचं डोकं दिसायचं.

‘हाये का जित्ता?’

‘हाये,’ आई म्हणायची.

डोकं खाली जायचं. एवढाच संवाद. दवाखान्यात ऐकलेलं त्यांनी नीट लक्षात ठेवलं होतं. कुत्रा दहा दिवस जगला म्हणजे आपण जगलो, हा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का बसला होता. त्यामुळे ज्या कुत्र्यानं हात फाडला त्याच्या खाण्यापिण्याची चौकशी सगळ्यात जास्त त्याच करत होत्या. एकदा भिंतीवरून म्हणाल्या, ‘सुकला वाटते मले. दूध पाजा त्याले.’ आणि मग आईशी बोललो हे लक्षात येऊन पटकन खाली गेल्या.

माझ्याकडं दहा दिवस होते. मी वही केली. आजवर ज्यांचे ज्यांचे हात पकडले गेले त्यांची यादी काढली. कोण, कुठं उभं होतं, काय चाललं होतं. बाबा वाकून वही पाहायचे.

‘मॅडम, बेडकाचं चित्र काढून मार्क मिळवले तुम्ही,’ ते म्हणाले. ‘हा बेडूक नाही.’

पहिल्यांदा मला वाटलं, तो दार राखतोय. पण बाबांचा एक मिस्त्री मित्र तर घरात बसून गप्पा मारत होता, तेव्हा त्याचा हात पकडला होता. मग वाटलं, अनोळखी माणसं. पण काकूंना तो पिल्लू असल्यापासून ओळखत होता, त्यांच्या दारात झोपायचा. चौथ्या दिवशी एक गोष्ट दिसली. यादीतल्या प्रत्येकाचा हात पुढं आलेला होता. काकूंचा वाटीसाठी. मिस्त्री काकांचा बाबांच्या तंबाखूच्या पुडीसाठी. एका मावशीचा बुद्धविहारात वाटायच्या खिरीच्या डब्यासाठी, आमच्यात हळदीकुंकवाचं वाण नसतं. सगळ्यांना आमच्यातलं कोणी ना कोणी काहीतरी देत होतं.

मला फार आनंद झाला. पुढं आलेल्या हाताची भीती, असं मी वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. कामावर असताना कोणी तरी हात उगारून मारलं असेल, म्हणून हात पुढं आला की तो आधीच पकडतो, असा माझा अंदाज. मग मी साखळीच्या टप्प्याबाहेर बसून हात पुढं करून पाहिला. तो माझ्या हाताकडं बघून शेपूट हलवत राहिला. आईला करायला लावला. तेच. बाबांनी न सांगता स्वतःहून केला, चप्पल मारणारा हात, तरी तो जागचा हलला नाही. दोन रेघा ओढलेलं वाक्य मला खोडावं लागलं.

सहाव्या दिवशी सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. बाबा कामावर निघाले होते. त्यांचा जेवणाचा डबा भरायचा राहिला होता, तो मी मागितला, तेव्हा ते आतून रिकामा डबा घेऊन आले आणि नेहमीसारखं म्हणाले, ‘धर.’

साखळी खणकन ताणली गेली. कुत्रा मागच्या पायांवर उभा होता, गळपट्टा गळ्यात रुतलेला, आणि तोंड माझ्या हाताच्या दिशेनं. भुंकत नव्हता, गुरगुरत नव्हता. शेपूट हलत होती. भाकर पाहून असायचा तसाच त्याचा चेहरा होता.

मी डबा घेतला नाही. ‘बाबा, परत म्हणा.’

‘काय?’

‘आत्ता म्हणालात ते.’

‘धर म्हटलं तुले.’

पुन्हा साखळी ताणली.

बाबांनी कुत्र्याकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मग हळू आवाजात, जणू दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये, ‘धर’ म्हणून पाहिलं. कुत्रा उभा राहिला.

आमच्याकडं कोणाला काही देताना ‘धर’ म्हणतात. पुण्याकडचे लोक ‘घे’ म्हणत असतील, आम्ही धर म्हणतो. आई त्याला भाकरीचा तुकडा टाकताना ‘धर’ म्हणायची. कामावर मजूर हातोहात घमेलं पुढं देतात तेव्हा ‘धर, धर’ चालू असतं, आणि मधल्या सुट्टीत डब्यातला घास टाकताना त्या पिल्लालाही ते ‘धर’च म्हणत असणार. मीसुद्धा. ‘सिट’ म्हटल्यावर तो बसायचा आणि मी बिस्कीट द्यायचे, तेव्हा काय म्हणायचे? ‘धर.’ वहीच्या यादीत माझं नाव नव्हतं, कारण आम्हा घरच्यांचे हात तो तोंडात घ्यायचा त्याला आम्ही लाड समजायचो.

आणि याच शब्दाचा दुसरा अर्थ त्याला बाबांनी शिकवला होता. मागच्या नाल्यातली डुकरं अंगणात शिरली की बाबा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, ‘धर त्याले, धर.’ तो धावून जायचा, बाबा खूश व्हायचे. म्हणजे एक धर म्हणजे तोंडात घे, आणि दुसरा धर म्हणजे पकड. दोन्ही त्यानं नीट पाठ केले होते. समोर कोणी हात पुढं केला, घरातलं कोणी ‘धर’ म्हणालं, त्यानं धरलं. मग चप्पल बसली. कशासाठी बसली हे त्याला कळायचा काही मार्ग नव्हता. इंग्रजी त्याला मी एकटीनं शिकवली होती. मराठी आम्ही सगळ्यांनी मिळून शिकवली होती आणि शिकवतोय हे आम्हालाच माहीत नव्हतं.

बाबा त्या दिवशी कामावर उशिरा गेले. जाताना एवढंच म्हणाले, ‘तरी चावलाच ना तो.’

उरलेल्या दिवसांत मी एकच नियम काढला. घरात ‘धर’ बंद. माणसाला देताना, कुत्र्याला देताना, सगळीकडं ‘घे’. आणि त्याला जे द्यायचं ते जमिनीवर ठेवायचं, हातातून नाही. ऐकायला सोपं वाटतं. आईच्या तोंडात पन्नास वर्षं बसलेला शब्द होता तो. ती ‘ध’ म्हणायची, थांबायची, कपाळाला हात लावायची आणि मग ‘घे’ म्हणायची. तेवढ्यात हातातला चहा सांडायचा. बाबांनी तर सरळ नाही म्हटलं.

‘कुत्र्यासाठी मी बोलणं बदलू? दिवसभर कामावर धर धर करतो, घरी येऊन शुद्ध मराठी बोलू?’

‘शुद्ध नाही बाबा, नुसतं घे.’

‘दहा दिवस झाले की ना धर ना घे. झरी.’

पण मी पाहत होते, घरात कोणाला काही द्यायचं असलं की ते काही न बोलता वस्तू समोर ठेवायला लागले होते. हे त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मुद्दाम धर म्हटलं असतं, म्हणून मी गप्प बसले.

दहाव्या दिवशी काकू भिंतीवरून न विचारता फाटकातून आत आल्या. मनगटावरची पट्टी निघाली होती, खाली गुलाबी कातडी दिसत होती. त्या कुत्र्यापासून चांगल्या लांब, पायरीवर बसल्या. बाबा घरीच होते. ऑटोवाल्याला सकाळी सात वाजता यायला सांगितलेलं होतं, हे काकूंना आईकडून नाही, ऑटोवाल्याकडून कळलं होतं.

‘भाऊ, सोडून देऊन राह्यले म्हणते याले?’ काकूंनी विचारलं.

‘तुमच्यासाठीच ना,’ बाबा म्हणाले. ‘तुमचा हात खाल्ला त्यानं.’

‘माह्यासाठी म्हणू नका. मी नाही सांगितलं सोडाले.’

‘मग काय ठेवू? पुन्हा चावला तर?’

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. ‘ही पोरगी भिंतीजवळ आईले सांगत होती ते मी ऐकलं सगळं. धर म्हटलं की पकडते म्हणे. हो का?’

‘हो,’ मी म्हणाले.

‘मंग तिकडं झरीले नेऊन सोडान, तिथले लोक काय म्हणते एकमेकाले?’

काकू बाबांकडं वळल्या.

‘तिथं बी धरच म्हणते ना भाऊ? का घे म्हणते?’ काकू म्हणाल्या. ‘तिथं एखादी बाई दुसरीले वाटी देईन अन् हा पकडन. तिले काय मालूम, कोणाचं कुत्रं, दहा दिवस पाहावं कुठं. मले तरी भिंतीवरून दिसत होता. तिनं कोणत्या भिंतीवरून पाहावं?’

हा मुद्दा माझ्या वहीत नव्हता. मी कुत्र्याचा विचार करत होते, त्याला तिकडं खायला मिळेल का, तो गाडीखाली येईल का. ज्या बाईला आम्ही कधी पाहणार नाही तिच्या हाताचा विचार काकूंनी केला, कारण त्यांचा हात अजून दुखत होता.

बाबांनी साखळीकडं पाहिलं. मग म्हणाले, ‘तुम्हाले चालन का हा इथं?’

‘चालन कशाले, मले भेव वाटते त्याचं. मी आले की बांधा. रोज बांधा. अन् त्याले ती सरकारी सुई मारून आणा, मले टोचून राह्यले, त्याले काहून नाही? अन् तुम्ही घे म्हणाले शिका.’

‘शिकतो,’ बाबा म्हणाले. मी माझ्या वडिलांच्या तोंडून हा शब्द त्याआधी कधी ऐकल्याचं आठवत नाही.

आई चहा घेऊन बाहेर आली. काकूंसमोर कप केला आणि सगळे तिच्या तोंडाकडं पाहायला लागलो. तिनं ओठ घट्ट मिटले होते. काकूंनी कप घेतला.

‘मुकी झाली का वं?’ काकू म्हणाल्या.

‘तुह्यामुळंच झाली,’ आई म्हणाली, आणि दोघी दहा दिवसांचं साचलेलं बोलायला लागल्या. कोणाची वेचणी कुठं, कोणत्या शेतात बोंडं चांगली. बाबांनी मोबाईल काढून ऑटोवाल्याला फोन लावला. ‘उद्या नको येऊ,’ एवढं बोलून ठेवून दिला. कारण विचारलं असणार, पण सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी झरीचं काम बाबांनी पुढं ढकललं. बाबांनी सकाळी थापी आणि घमेलं काढलं. कुत्रा आजवर फाटकाजवळच्या खांबाला बांधलेला असायचा, येणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेवर. घराच्या मागच्या बाजूला, मोरीच्या पलीकडं, सावली असते त्या भिंतीत त्यांनी छिन्नीनं भोक पाडलं. त्यात लोखंडी कडी बसवली, सिमेंट भरलं आणि हात ओला करून कडीभोवतीचा तेवढा गोल गुळगुळीत केला. मी बाजूला पाणी घेऊन उभी होते. लोटा देताना मी काही बोलले नाही, त्यांनीही नाही.

मग हात धुऊन ते म्हणाले, ‘दोन दिवस इथं बांधू नका त्याले. सिमेंट पक्कं होऊ द्या.’